बी द्या, गर घ्या: काजूची बाग मुलाबाळांसाठी उघडताना

काजूची बी हातात आली की मूल पहिल्यांदा ती दाताखाली धरून बघतं. शेंगदाणा, बदाम, अक्रोड यांनी लावलेली सवय आहे ती: टरफल फोडायचं, आतला दाणा खायचा. काजूच्या बीला मात्र टरफलाचे दोन थर असतात आणि त्या दोन थरांमधल्या जाळीदार भागात तपकिरी, चिकट तेल भरलेलं असतं. आम्ही त्याला चीक म्हणतो. तो ओठाला लागला तर ओठ भाजल्यासारखे होतात, कातडी काळी पडून सोलवटते. घरात बिब्बा वापरलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. बिब्बा, आंबा आणि काजू एकाच कुळातले.

वेंगुर्ला तालुक्यातली आमची बाग आम्ही कुटुंबांसाठी खुली केली, तेव्हा झोपाळे कुठे बांधायचे आणि जेवणात काय ठेवायचं याचा विचार आधी केला आणि चिकाचा नंतर. क्रम चुकला होता. पुढच्या हंगामापासून सगळी आखणी चिकापासून सुरू केली. मुलाचा हात बीला कुठे लागला तर चालेल आणि कुठे अजिबात लागू द्यायचा नाही, हे एकदा ठरलं की बाकीचं आपोआप जागेवर बसतं. ज्यांना आपली बाग अशी उघडायची आहे त्यांच्यासाठी, आणि मुलांना घेऊन अशा बागेत जाणाऱ्या आईवडिलांसाठीही, आमची पद्धत इथे लिहून ठेवतो.

बाग चालती आहे. म्हणजे पाहुणे असोत वा नसोत, बी वेचली जाते, वाळते, वाफवली जाते, फुटते. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या कलमांची लागवड आहे, कडेला बियांपासून वाढलेल्या जुन्या गावठी झाडांची एक रांग आहे आणि बागेच्या तोंडाशी लहानशी प्रक्रिया शेड. ही कलमं वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रातून निघालेली. हे केंद्र दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं.

सगळ्यात मोठी अडचण तारखांची. काजूला नोव्हेंबरपासून मोहर येतो, फेब्रुवारीत बी पडायला लागते, मार्च आणि एप्रिल हा भर. मुंबई-पुण्याच्या शाळांना सुट्टी लागते ती एप्रिल अर्धा सरल्यावर, आणि बहुतेक चाकरमानी येतात मे महिन्यात. तोवर कलमं जवळपास रिकामी झालेली असतात. मेच्या अखेरीस वळवाच्या सरी आल्या की पडलेली बी काळवंडते, बोंडू, म्हणजे बीला जोडलेला रसाळ भाग, पडल्या जागी आंबतात. इथे गावठी झाडं उपयोगी पडली. बियांपासून वाढलेलं प्रत्येक झाड वेगळ्या स्वभावाचं असतं. एक लवकर धरतं, एक उशिरा. ती रांग कमी उत्पन्न देते म्हणून तोडायची होती, पण मेच्या दुसऱ्या आठवड्यातही तिच्यातल्या चार-पाच झाडांवर बोंडू लटकलेले असतात, म्हणून राखली. पाहुण्यांना तरी आम्ही स्पष्ट सांगतो: बोंडूने भरलेलं झाड पाहायचं असेल तर शिमग्यापासून चैत्र संपेपर्यंत या. मेमध्ये शेडमधलं काम पाहायला मिळेल, झाडावरचं थोडंच.

बाग मुलांसाठी तयार करायची तर काम जानेवारीतच सुरू होतं. काजूच्या फांद्या जमिनीला टेकतात आणि वाळक्या काड्या नेमक्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात. पाहुण्यांच्या वाटेवरच्या झाडांच्या खालच्या फांद्या आम्ही जमिनीपासून पाच फुटांपर्यंत छाटतो आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावतो. झाडं बुटकी, पसरट आणि चढायला सोपी दिसतात, मुलं चढतातच. पण काजूचं लाकूड ठिसूळ. त्यात खोड पोखरणारी अळी शिरली असेल तर वरून हिरवंगार दिसणारं झाड आतून पोकळ असतं. बुंध्याशी भुसा आणि डिंक दिसला की ते झाड वाटेतून बाद. झोपाळा काजूला कधीच बांधायचा नाही. आमचे दोन्ही झोपाळे फणसाला आहेत.

पालापाचोळा हा दुसरा विषय. खताच्या दृष्टीने तो झाडाखाली राहायला हवा, पण कातळाच्या भागात त्यात फुरसं हा विषारी साप असू शकतो. म्हणून पाहुण्यांच्या वाटेवरच्या पंधरा-वीस झाडांखालची जागा झाडून घेतो आणि बाकीच्या बागेत त्यांना नेत नाही. झाडलेल्या जागीसुद्धा नियम एकच: आधी काठीने हलवायचं, मग हाताने उचलायचं. पायात बंद बूट हवेत. सँडल, चप्पल घालून आलेल्या मुलांसाठी आम्ही गमबुटांचे वेगवेगळ्या मापांचे जोड ठेवले आहेत, आणि रोज सकाळी ते उपडे करून आपटतो.

मार्चनंतर वाळलेलं गवत आणि पाला म्हणजे पेटायला बसलेली गंजी. कोकणात दरवर्षी वणव्यात काजूच्या बागा जातात. हद्दीवर दहा फूट रुंदीची जाळरेषा मोकळी ठेवतो आणि बागेत विडी-सिगारेट, शेकोटी काहीही चालू देत नाही. संध्याकाळी झाडाखाली शेकोटी करून काजू भाजू, ही पाहुण्यांची नेहमीची मागणी. तिला नाही म्हणावंच लागतं.

फवारणीचं वेळापत्रक आधी लिहून ठेवावं. ढेकण्या या रस शोषणाऱ्या किडीसाठी नवी पालवी, मोहर आणि फळधारणा अशा तीन वेळी फवारणी होते, आणि तिसरी फवारणी पहिल्या पाहुण्यांच्या तोंडावर येते. बाटलीच्या लेबलवर दिलेले दिवस पूर्ण झाल्याशिवाय त्या भागात कुणालाही नेत नाही, मग बुकिंग असो नसो. आता आम्ही पाहुण्यांच्या वाटेवरची झाडं वेगळी धरतो. त्यांच्यावर तिसरी फवारणी करतच नाही आणि तिथलं थोडं नुकसान सोसतो. बोंडू साल न काढता, बहुधा न धुता खाल्लं जाणारं फळ आहे. त्याच्याशी तडजोड करता येत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण २०२० सालचं आहे, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी होते. जेवण, सरबत, पाकीटबंद काजू द्यायचे तर अन्नसुरक्षा नोंदणी वेगळी लागते. सातबारा अद्ययावत नसेल तर तिथेच सगळं अडतं, म्हणून ते काम आधी उरकावं.

पाहुणे सकाळी आठला येतात. एका वेळी वीस माणसं, त्यात लहान मुलं जास्तीत जास्त दहा. फाटकावर तीन गोष्टी होतात. पहिली, कुणाला काजूची, कुठल्याही सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे का हे प्रत्येक कुटुंबाला वेगळं विचारतो. सगळ्यांना मिळून विचारलं तर लोक मान हलवून पुढे जातात. ॲलर्जी असलेल्या मुलाला काजू खायला न देणं पुरेसं नाही. साल काढायच्या टेबलाजवळही त्याला नेत नाही, कारण तिथे काजूची बारीक पूड हवेत असते. असं मूल असेल तर ते कुटुंब शेडमध्ये न जाता रोपवाटिकेत जातं. दुसरी, आंब्याच्या चिकाने ज्यांचं तोंड उठतं त्यांनी काजूच्या टरफलापासून जास्तच सांभाळायचं, हे सांगतो. तिसरी, कपडे. बोंडूच्या रसाचा डाग कपड्यावर आधी दिसत नाही, मग तपकिरी होतो आणि धुऊन जात नाही. आम्ही जुने शर्ट ठेवतो. मुलांना ते गुडघ्यापर्यंत येतात आणि आवडतात.

मग वेचणी. काजूचं गणित मुलांना इथेच समजतं, कारण फळाच्या बाहेर, खाली लटकलेली बी ती पहिल्यांदा बघतात. खरं फळ म्हणजे ती बीच, आणि लाल-पिवळा रसाळ बोंडू हा फुगलेला देठ, हे बोंडू हातात देऊनच सांगावं. झाडावरून तोडायचं नाही. पिकलेला बोंडू आपण होऊन पडतो आणि बी तेव्हाच पूर्ण भरलेली असते. पडलेला बोंडू एका हातात, बी दुसऱ्या हातात, आणि पिळून वेगळी करायची. ओढली तर बोंडूचा गर बीला चिकटून येतो आणि वाळताना तिथे बुरशी धरते. राखाडी, कडक, अखंड बीला हात लावायला हरकत नाही. वरची साल शाबूत असेपर्यंत चीक बाहेर येत नाही. तडकलेली, किड्याने भोक पाडलेली किंवा अजून हिरवट असलेली बी मात्र मोठ्यांनी उचलायची. त्यासाठी लाल डबा वेगळा ठेवला आहे.

प्रत्येक मुलाला एक लहान टोपली आणि शेवटी तराजू. वेंगुर्ला-७ ची बी साधारण दहा ग्रॅमची, म्हणजे किलोत शंभर. वेंगुर्ला-४ ची पावणेआठ ग्रॅमच्या आसपास, किलोत एकशेतीस. गावठीच्या किलोत दोनशेच्या वर जातात. मुलं तिन्ही ढीग मोजतात आणि कलम म्हणजे काय ते भाषण न देता समजतं. मोठ्यांना आम्ही पुढचा आकडा सांगतो: बीच्या वजनात गर जेमतेम तीस टक्के. किलोभर काजूगरामागे तीन किलोंहून जास्त बी वेचलेली, वाळवलेली आणि एकेक करून फोडलेली असते. दुकानातल्या भावाबद्दलची तक्रार यानंतर सहसा ऐकू येत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये येणाऱ्यांना ओले काजूगर काढताना पाहायला मिळतात. हिरवी बी विळीवर उभी चिरायची, अणकुचीदार काडीने गर उचलायचा, गरम पाण्यात टाकून साल काढायची. बाजारात हे गर शेकड्याने मोजून विकले जातात, वजनाने नाही. ओल्या बीचा चीक पातळ असतो आणि चिरताना उडतो. काम करणाऱ्या बायका बोटांना खोबरेल तेल आणि राख लावून बसतात, तरी हंगामाअखेर बोटांची कातडी जाते. पाहुण्यांनी हे सहा फुटांवरून बघायचं. मुलांच्या वाट्याला शेवटचा टप्पा येतो, गरम पाण्यातून निघालेल्या गराची साल बोटाने सरकवणं. ती सुळकन निघते आणि खाली पांढराशुभ्र, किंचित वाकडा गर असतो. त्याचीच उसळ दुपारच्या जेवणात असते.

बोंडूबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण आमच्याकडे बहुतेक बोंडू झाडाखालीच सडतात आणि मुलांना आनंद देणारी हीच सगळ्यात सोपी गोष्ट आहे. गोव्यात बोंडूच्या रसाची फेणी होते, तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मुलांसाठी मात्र रस ताजा आणि गोडच हवा, आणि तिथे त्याचा तुरटपणा आडवा येतो. कच्चा बोंडू चावला की घसा धरतो, जीभ जाड झाल्यासारखी वाटते. तुकडे करून मीठ लावलं तर थोडं सुसह्य होतं. रसाचं मात्र वेगळं करावं लागतं.

सकाळी पडलेले, न फुटलेले बोंडू दोन पाण्यांनी धुवायचे. बी काढलेल्या टोकाकडचा बोटाच्या पेराएवढा भाग कापून टाकायचा. बी तोडताना चीक लागला असेल तर तो तिथेच असतो. मग स्टीलच्या स्क्रू-प्रेसमध्ये रस काढायचा. लोखंडाचं भांडं, लोखंडी सुरी अजिबात नको, रसातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे रस काळा पडतो. आमचा सुरुवातीचा प्रेस लोखंडी होता आणि रस दौतीतल्या शाईसारखा निघायचा. रस गाळून घ्यायचा. लिटरला पाच ग्रॅम साबुदाणा कुटून, शंभर-दीडशे मिलिलिटर पाण्यात शिजवून पातळ खळ करायची, थंड झाल्यावर रसात घालून ढवळायची आणि भांडं झाकून फ्रीजमध्ये बारा तास हलवायचं नाही. तुरट भाग साबुदाण्याला धरून तळाशी बसतो. वरचा पिवळसर, नितळ रस अलगद ओतून घ्यायचा. साखर, चिमूटभर मीठ, जिरेपूड. घाई केली, खळ गरम असतानाच ओतली, तर ती गुठळ्या होऊन तरंगते आणि रस तुरट तो तुरटच राहतो. बाहेर ठेवला तर उन्हाळ्यात काही तासांतच आंबायला लागतो.

म्हणून मुलं प्रेसचा दांडा फिरवतात आज, आणि पितात ते काल आलेल्या मुलांनी काढलेला रस. आज काढलेला उद्याच्यांसाठी. हे त्यांना आधी सांगितलं तर फार आवडतं. बरणीवर आम्ही तारीख आणि गावांची नावं लिहितो. प्रेसजवळ गांधीलमाश्या जमतात. चोथा दर अर्ध्या तासाने उचलून दूरच्या खड्ड्यात टाकला की त्या कमी होतात.

आता शेड. इथे वाट एका दिशेने जाते आणि मधल्या टप्प्यावर कठडा आहे. वाळवण आधी: बी दोन-तीन दिवस उन्हात, रोज तीन-चार वेळा पाय फिरवून वरखाली केलेली. नखाने दाबून खूण उमटली नाही की झाली. अर्धवट वाळलेली पोत्यात भरली तर पावसाळ्यात गराला काळे डाग पडतात, आणि ते फोडल्याशिवाय कळत नाही. मग वाफ. आमच्या लहान कुकरला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. वाफेने टरफल फुगतं आणि गरापासून सुटतं. कमी झाली तर कटरवर गर तुटतो, जास्त झाली तर चीक आत उतरून गर पिवळसर होतो. नंतर बी पसरून रात्रभर निववायची. बॉयलरजवळ मुलांना नेत नाही. दहा-बारा पावलांवरून बघतात तेवढं पुरे. जळण म्हणून आधीच्या दिवसांची टरफलंच जातात आणि त्यांच्या धुराने डोळे चुरचुरतात, म्हणून पाहुणे यायच्या आधी, पहाटे, बॉयलर पेटवून मोकळं होतो.

बी फोडण्याचा टप्पा सगळ्यात बघण्याजोगा. बी खाचेत ठेवायची, पायाने पेडल दाबायचं, दोन्ही बाजूंनी वाकडी पाती येऊन टरफल कापतात, हाताने दांडा वळवला की टरफलाचे दोन भाग उघडतात आणि आतला गर सालीसकट सुटतो. पाती बीच्या मापाला लावावी लागतात. आधी चाळून मापाचे ढीग वेगळे केले नाहीत तर मोठी बी गरासकट कापली जाते आणि लहान बी न कापता निसटते. सरावलेल्या बाईचे हात आणि पाय एका तालात चालतात आणि अख्खा गर टपकन ताटात पडतो. त्या कामाला किलोवर मजुरी असते. पाहुणे समोर उभे राहिले, प्रश्न विचारू लागले की तिचा वेग अर्ध्यावर येतो आणि भुर्दंड तिला बसतो. हे आमच्या लक्षात यायला उशीर लागला. आता पाहुण्यांच्या वेळेत त्यांना तासाची मजुरी देतो, आणि विचारल्याशिवाय त्यांच्या हातांचा फोटो काढायचा नाही असं सांगतो. त्यांच्या काळ्या पडलेल्या बोटांकडे लोक कॅमेरा रोखतात, ते त्यांना आवडत नाही. हातमोजे आहेत, पण उन्हाळ्यात ते घालून काम होत नाही, म्हणून तेल लावण्यावरच भर. एक बंद पडलेला कटर पाती काढून ठेवला आहे. मुलांना पेडल दाबायचं असतं, ते तिथे दाबतात, खाचेत लाकडी बी ठेवून.

कठड्यापलीकडे ड्रायर. सालीसकट गर सत्तर अंशांच्या आसपास सहा ते आठ तास राहतात. इथून पुढे चिकाचा धोका संपतो आणि मुलांचं खरं काम सुरू होतं. आमच्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळ मुलं रमतात ती इथेच, झोपाळ्यावर नाही. ड्रायरमधून काढलेले गर थोडे निवू दिले की साल सैल होते. अंगठा आणि तर्जनी यांत गर धरून हलकंच चोळायचं. लालसर पापुद्रा निघतो. बारीक फटीत अडकलेला तुकडा बांबूच्या काडीने काढायचा, सुरीने नाही. सुरीची रेघ गरावर राहते आणि त्याची प्रत उतरते. साल निघत नसेल तर गर कमी वाळलाय, हाताखाली तुकडे होत असतील तर जास्त. फार वेळ उघड्यावर राहिला तर समुद्राकडच्या दमट हवेने साल पुन्हा चामट होते, त्यामुळे एकेका मुलासमोर मूठभरच ठेवतो. टेबल बसायच्या उंचीचं, हात धुतलेले, डोक्याला रुमाल. मुलांनी सोललेला माल विक्रीच्या मालात मिसळत नाही. तो त्यांच्याच पाकिटात जातो.

प्रतवारीचा खेळ तराजूवर. काजूची प्रत एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, किती अख्खे गर बसतात त्यावर ठरते. १८० नंबर म्हणजे पौंडात १७० ते १८० गर, २४० म्हणजे २२० ते २४०, ३२० म्हणजे ३०० ते ३२०. नंबर लहान तेवढा गर मोठा, हे मुलांना उलटं वाटतं आणि म्हणूनच लक्षात राहतं. पौंड मोजायला वेळ जातो, म्हणून शंभर ग्रॅम मोजून घ्यायला सांगतो. अडतीस-एकोणचाळीस गर भरले तर १८०, पन्नासच्या आसपास तर २४०, सत्तर तर ३२०. सहावी-सातवीतली मुलं गुणाकार करून ताळा बघतात, लहान मुलं नुसते ढीग लावतात. दोन फाका झालेले, म्हणजे पाकळी, आणि तुकडे वेगळे. पाकळी आणि तुकडा यांची चव अख्ख्या गरासारखीच असते, हे त्यांना खाऊन बघू देतो. आई-बाबा जाताना बऱ्याचदा पाकळीच घेऊन जातात.

भाजण्याचं प्रात्यक्षिक सोडवत नाही, कारण आजी-आजोबांनी गावी भाजलेल्या काजूची आठवण घेऊनच लोक येतात. खापरावर किंवा भोकं पाडलेल्या पत्र्यावर दहा-बारा बिया, खाली जाळ. थोड्या वेळाने चीक सुटतो, पेट घेतो, बिया फुरफुरत जळतात आणि मधूनच एखादी उडते. काळ्या झाल्या की राखेत लोटायच्या, निवल्या की दगडाने ठेचून गर काढायचा. चव अप्रतिम, यात वाद नाही. पण तो धूर डोळ्यांना, घशाला बोचतो आणि उडणारं तेल जिथे पडेल तिथे भाजतं. आम्ही हे मोकळ्या कातळावर करतो, वाऱ्याची दिशा बघून, लोक पंचवीस फुटांवर, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे करून. शेजारी मातीची आणि राखेची घमेली असतात. पेटलेल्या चिकावर पाणी मारलं की तो उसळतो. वारा फिरला तर कार्यक्रम रद्द, आणि त्याबद्दल कुणी नाराज झालं तरी चालेल. ठेचण्याचं काम आम्हीच करतो. भाजलेल्या टरफलातही चीक उरलेला असतो.

पावसाळ्यात बागेत बी नसते, तेव्हा कलमं असतात. दीड-दोन महिन्यांच्या रोपाचा शेंडा छाटून मधोमध चीर पाडायची, चांगल्या झाडाची तेवढ्याच जाडीची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची, प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळायची, वरून पेप्सीकोल्याची पातळ पिशवी टोपीसारखी घालायची. काडीची पानं आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून कापलेली असावीत, म्हणजे डोळे फुगतात. चाकू आमच्या हातात, पट्टी मुलांच्या. ढिली बांधली तर सांध्यात पाणी शिरून काडी काळी पडते, म्हणून वरून खाली नाही, खालून वर गुंडाळायला शिकवतो. जगलं तर तीन-चार आठवड्यांत कोंब दिसतो. नावाची चिठ्ठी लावतो आणि फोटो पाठवतो. मेलेल्या कलमाचाही पाठवतो.

हात धुण्याची जागा तीन ठिकाणी आहे आणि तिथे साबणाच्या आधी खोबरेल तेलाची बाटली ठेवली आहे. चीक तेलकट असल्याने नुसत्या पाण्याने जात नाही, उलट पसरतो. आधी कोरड्या फडक्याने टिपायचा, चोळायचा नाही. मग तेल लावून पुसायचं, मग साबण. डोळ्यात गेला तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याने धुऊन थेट डॉक्टरकडे. त्रास बऱ्याचदा एक-दोन दिवसांनी दिसतो, तेव्हा कुटुंब घरी पोचलेलं असतं आणि फोड कशाने आले ते कुणाला कळत नाही. म्हणून निघताना प्रत्येकाला एक कागद देतो, चीक म्हणजे काय आणि डॉक्टरांना काय सांगायचं ते लिहिलेला.

आम्हाला कळलेले बहुतेक त्रास बागेत झालेले नव्हतेच. ते खिशातल्या बीमुळे झाले होते. मूल आठवण म्हणून दोन बिया खिशात टाकतं, घरी जाऊन हातोडीने फोडतं किंवा कुणीतरी गॅसवर भाजून बघतं. रागावून, खिसे तपासून हे थांबलं नाही. आता फाटकाशी एक टेबल आहे आणि त्यावर दोन बरण्या, एक रिकामी, एक भाजलेल्या खारवलेल्या गरांनी भरलेली. एक बी द्या, दोन गर घ्या. मुलं स्वतः खिसे उलटे करतात, बुटात लपवलेलीही काढतात. संध्याकाळी रिकामी बरणी मोजतो. वीस माणसांच्या गटामागे तीस-चाळीस बिया निघतात, आणि त्या दुसऱ्या दिवशी वाळवणात जातात.